ऑक्साइडांची विद्युद्वाहकता व त्यांची उत्प्रेरकशक्ति

विदर्भाच्या पूर्व भागांत, भंडारा जिल्ह्यांतील तुमसर तालुक्यांत, चिखला नांवाचें एक गांव आहे. आमच्या चिखलीशीं त्याचें नामसादृश्य असलें, तरी दोन्ही गांवांच्या भूमींत फार अंतर आहे. आमच्याकडे काळा फत्तर, त्यावर काळी माती व त्या मातींत कपाशी आणि सोयाबीन. तिकडे जमिनीच्या पोटांत मँगेनीज धातूचें खनिज. चिखला येथें त्याची खाण आहे; आणि त्याच भागांतील डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून मँगेनीज डायऑक्साइडाचें जें काळें खनिज निघतें, तें विजेचे कोरडे घट, म्हणजे आपण हातबत्तींत घालतों ते सेल, तयार करण्याच्या कामीं येतें. नागपूर-भंडाऱ्याकडील हा उद्योग जुना आहे. १८९६ सालीं स्थापन झालेल्या एका इंग्रज मंडळीपासून त्याचा इतिहास सुरू होतो. १९६२ सालीं तो सरकारी भागीदारीनें निघालेल्या कंपनीकडे आला, व ती कंपनी आज ‘मॉयल’ या नांवानें ओळखली जाते.

हीच काळी पूड शाळेच्या प्रयोगशाळेंतील कपाटांतहि एका बाटलींत भरलेली असते. तेथें तिचा हातबत्तीशीं कांहीं संबंध नसतो. हायड्रोजन पेरॉक्साइडांत तिची चिमूट टाकली म्हणजे त्या द्रवांतून भराभर प्राणवायु निघूं लागतो. आणि काम संपल्यावर पाहावें तों पूड जशीच्या तशी शिल्लक असते. आतां विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, जी पूड घटामध्यें विजेचें काम करते, तीच परीक्षानळींत रासायनिक क्रियेला वेग कां देते? हा नुसता योगायोग आहे, कीं या दोन्ही गुणांच्या मुळाशीं एकच कारण आहे? या प्रश्नाचें उत्तर साधें ‘होय’ असें नाहीं आणि साधें ‘नाहीं’ असेंहि नाहीं. तें कसें, हें या लेखांत आम्ही वाचकांस समजावून सांगण्याचा प्रयत्न करणार आहों.

उत्प्रेरक म्हणजे काय?

कांहीं पदार्थांच्या केवळ सान्निध्यानें रासायनिक क्रिया जलद होतात, हें पूर्वींच्या शास्त्रज्ञांच्याहि ध्यानांत आलें होतें. स्वीडन देशांतील बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानें १८३५ सालीं अशीं निरनिराळीं उदाहरणें एकत्र करून या प्रकारास एक स्वतंत्र नांव दिलें. आपण मराठींत त्यास उत्प्रेरण म्हणतों, व तें घडवून आणणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतों.

उत्प्रेरकाची तुलना लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थाशीं करतां येईल. मध्यस्थ दोन्ही घरीं जातो, बोलणीं लावतो, अडलेली गांठ सोडवितो. आणि अक्षता पडल्यावर आपल्या घरीं परत येतो. मात्र जें लग्न मुळांतच होण्यासारखें नाहीं, तें त्याला जमवितां येत नाहीं. उत्प्रेरकाचेंहि तसेंच आहे. जी क्रिया निसर्गनियमानें होणें शक्य आहे, पण जिला फार काळ किंवा फार उष्णता लागेल, तीच तो लवकर घडवितो. अशक्य तें शक्य करणें त्याच्या हातीं नाहीं.

परंतु मध्यस्थ ‘कांहींच करीत नाहीं’ असें म्हणणें जसें चूक, तसें उत्प्रेरक ‘कांहीं न करतां नुसता जवळ असतो’ असें म्हणणेंहि चूक. तो क्रियेंत भाग घेतो, स्वतः क्षणभर बदलतो, व पुन्हां पूर्वस्थितीवर येतो. या बदलाचें व पूर्ववत् होण्याचें स्वरूप काय, हें कळण्यासाठीं प्रथम ऑक्साइडांच्या अंतरंगांत डोकावलें पाहिजे.

शिल्लक आणि तूट

धातूचा प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे ऑक्साइड तयार होतें. लोखंडावरील गंज हा मुख्यतः ऑक्साइडाचाच प्रकार. भाजलेली चुनखडी, म्हणजे कळीचा चुना, हेंहि ऑक्साइडच. आणि वैद्यांचें यशदभस्म हें जस्ताचें ऑक्साइड होय. या संयोगांत धातूचे अणु आपल्या जवळचे कांहीं विद्युत्कण, ज्यांस इलेक्ट्रॉन म्हणतात ते, देऊन टाकतात व प्राणवायूचे अणु ते घेतात. देणाऱ्यानें दिलें, घेणाऱ्यानें घेतलें, व हिशेब पुरा झाला, म्हणजे मोकळा असा एकहि विद्युत्कण उरत नाहीं. मोकळे विद्युत्कण नाहींत म्हणून वीज वाहत नाहीं. मॅग्नेशिया किंवा कळीचा चुना हीं अशीं दुर्वाहक ऑक्साइडें आहेत.

परंतु सगळ्याच ऑक्साइडांचा हिशेब असा काटेकोर नसतो. जस्त, कथील किंवा टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांत प्राणवायु ठरल्या प्रमाणापेक्षां किंचित् कमी असतो, व त्यामुळें थोडे विद्युत्कण शिल्लक राहतात. यांस आपण शिलकी ऑक्साइडें म्हणूं. याच्या उलट, निकेल, कोबाल्ट व तांबें यांच्या कांहीं ऑक्साइडांत धातूचे अणु किंचित् कमी पडतात, व विद्युत्कणांची तूट येते. यांस तुटीचीं ऑक्साइडें म्हणूं. शास्त्राच्या पुस्तकांत पहिल्यांस ‘एन’ व दुसऱ्यांस ‘पी’ प्रकारचे अर्धवाहक म्हणतात. आमचीं नांवें केवळ समजण्याच्या सोयीचीं आहेत.

शिल्लक असतां वीज वाहावी हें सहज समजतें. पण तूट असतां ती कशी वाहते? पंगतींत एक पाट रिकामा राहिला आहे असें समजा. शेजारचा मनुष्य त्यावर सरकला म्हणजे त्याचा पाट रिकामा होतो. त्यावर पुढचा सरकतो. रिकामी जागा पंगतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते, व माणसें उलट दिशेनें सरकलेलीं असतात. तुटीच्या ऑक्साइडांत विद्युत्कण असेच सरकत जातात. जेवढे रिकामे पाट अधिक, तेवढी विद्युद्वाहकता अधिक. निकेलचें शुद्ध ऑक्साइड हिरवट असतें व त्यांतून वीज फारशी वाहत नाहीं. पण त्यांत थोडें लिथियम मिसळून भाजलें, म्हणजे रिकाम्या जागा वाढतात, रंग काळा होतो व वाहकता कितीतरी पटींनीं वाढते.

घरांतील एक उदाहरण

स्वयंपाकाचा गॅस गळूं लागला तर ओरडून सूचना देणारें एक लहानसें यंत्र आतां पुष्कळ घरांतून भिंतीवर दिसतें. अशा बऱ्याच यंत्रांत कथिलाच्या ऑक्साइडाचा एक कण तापलेल्या स्थितींत ठेवलेला असतो. जपानांत तागुची यांनीं १९६२ च्या सुमारास ही युक्ति काढली.

कथिलाचें ऑक्साइड शिलकी आहे. हवेंतील प्राणवायु त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतो व त्याच्या शिलकेंतील विद्युत्कण ओढून घेतो. म्हणून स्वच्छ हवेंत त्याची वाहकता कमी असते. गळलेला गॅस तेथें पोंचला म्हणजे पृष्ठभागावरील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो, व प्राणवायूनें घेतलेले विद्युत्कण ऑक्साइडाला परत मिळतात. वाहकता एकदम वाढते, आणि घंटा वाजते.

या उदाहरणाचें मर्म वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. गॅस व प्राणवायु यांचा संयोग ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर झाला. ऑक्साइड स्वतः खर्ची पडलें नाहीं. म्हणजे तेथें उत्प्रेरणच झालें. आणि त्या उत्प्रेरणाची वार्ता आपणांस विजेच्या मोजमापानें कळली. एकाच देवघेवीचीं हीं दोन अंगें आहेत. जो वायु पृष्ठभागावर येतो, तो विद्युत्कण घेतो किंवा देतो. आणि विद्युत्कणांची संख्या बदलली कीं वाहकता बदलते.

उसनें घेणें व परत देणें

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. हातबत्तीच्या साध्या कोरड्या घटांत जस्ताची डबी असते व आंत मँगेनीज डायऑक्साइडाची काळी पूड, कोळशाच्या बारीक भुकटीसह, भरलेली असते. जस्त विद्युत्कण देतें. ते तारेंतून व दिव्यांतून फिरून येतात व मँगेनीज डायऑक्साइड त्यांना पदरांत घेतें. परंतु घेतलेले विद्युत्कण तें परत करीत नाहीं. घेतां घेतां त्याचें स्वरूप बदलतें, व शेवटीं सेल संपतो.

पेरॉक्साइडाच्या परीक्षानळींत तीच पूड विद्युत्कण घेते, पण लगेच परत करते. पेरॉक्साइडाचा एक रेणु तिला विद्युत्कण देतो व प्राणवायु होऊन निघून जातो. दुसरा रेणु तिच्याकडून ते घेतो व त्याचें पाणी होतें. पुडीच्या वहींत जमा आणि खर्च सारखेच राहतात. म्हणून ती संपत नाहीं.

अर्थात् घट व उत्प्रेरक या दोघांच्या मुळाशीं मँगेनीजचा एकच स्वभाव आहे: विद्युत्कण सहज घेणें. भेद एवढाच कीं, घटांत घेणें एकेरी आहे, उत्प्रेरणांत घेतलेलें परत जातें. शेजाऱ्याकडून वाटीभर साखर उसनी आणून ती वेळेवर परत देणाऱ्या घराचा व्यवहार वर्षानुवर्षें चालतो; नुसतें घेत राहणाऱ्या घराचा चार दिवसांत बंद पडतो.

हास्यवायूची साक्ष

केवळ उपमेनें शास्त्र सिद्ध होत नाहीं; त्यास प्रयोगाची साक्ष लागते. दंतवैद्य ज्याचा उपयोग करतात तो हास्यवायु, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तापलेल्या ऑक्साइडावरून सोडला तर त्याचें विघटन होऊन नत्रवायु व प्राणवायु निराळे होतात. येथें दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर हास्यवायूचा रेणु ऑक्साइडाकडून विद्युत्कण घेतो; नत्रवायु सुटून जातो, आणि प्राणवायूचा अणु पृष्ठभागावर चिकटून राहतो. दुसऱ्या पायरीवर या चिकटलेल्या अणूंनीं घेतलेले विद्युत्कण परत करून, जोडीजोडीनें उडून जावयाचें असतें. ही दुसरी पायरी बहुधा कठीण असते. ती झाली नाहीं तर पृष्ठभाग अडून राहतो व काम थांबतें.

आतां परत येणारा विद्युत्कण कोण आनंदानें घेईल? ज्याच्याजवळ रिकामी जागा आहे तो. म्हणजे तुटीचें ऑक्साइड. प्रयोगांतहि सामान्यतः असेंच आढळलें. तांबें, कोबाल्ट व निकेल यांचीं तुटीचीं ऑक्साइडें कमी उष्णतेवर हास्यवायूचें विघटन करतात. मॅग्नेशिया व चुना यांसारखीं दुर्वाहक ऑक्साइडें मधलीं. आणि जस्त, टायटॅनियम इत्यादिकांचीं शिलकी ऑक्साइडें मागें राहतात. जर्मनींतील वाग्नर व हौफ्फे यांनीं १९३८ च्या सुमारास निकेल ऑक्साइडावर क्रिया चालू असतांनाच त्याची वाहकता मोजण्याची युक्ति योजली होती. त्या मार्गानें पुढें पुष्कळ काम झालें, व विजेच्या मापकावरून उत्तम उत्प्रेरक निवडतां येईल अशी मोठी आशा उत्पन्न झाली.

दोन पंडित व एक ऑक्साइड

ही आशा पुढें एका चमत्कारिक अडचणींत सांपडली. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा प्राणवायूशीं संयोग निकेल ऑक्साइडावर होतो. त्या ऑक्साइडांत लिथियम मिसळलें तर संयोग सोपा होतो कीं कठीण, हें पाहावयाचें होतें. १९५३ सालीं परावानो यांनीं प्रयोग प्रसिद्ध केला: लिथियमनें क्रिया कठीण होते. १९५४ सालीं श्वाब व ब्लॉक यांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला: लिथियमनें क्रिया सोपी होते. तेंच ऑक्साइड, तीच भेसळ, तोच वायु. आणि उत्तरें अगदीं परस्परविरुद्ध!

एखादा उतावळा मनुष्य म्हणेल, दोघांपैकीं एक खोटा असला पाहिजे. परंतु शास्त्रांत असा निकाल घाईनें देत नाहींत. तपासांतीं दिसून आलें कीं, दोघांचीं उष्णतामानें सारखीं नव्हतीं. श्वाब व ब्लॉक यांनीं परावानोपेक्षां अधिक उष्णतेवर काम केलें होतें. उष्णता बदलली म्हणजे क्रियेची कोणती पायरी अवघड, हेंहि बदलूं शकतें. जेथें कार्बन मोनॉक्साइडानें विद्युत्कण देणें ही अवघड पायरी असेल, तेथें तूट वाढविल्यानें लाभ होईल. जेथें प्राणवायूनें विद्युत्कण घेणें अवघड असेल, तेथें तूट वाढविणें हानिकारक ठरेल. ज्याला विद्युत्कण हवे आहेत, तो आधींच रिकाम्या घरीं जाऊन काय घेणार? शिवाय नमुना कसा भाजला, व लिथियम पृष्ठभागावर किती राहिलें, यांवरहि परिणाम अवलंबून असतो.

म्हणून ‘अमुक ऑक्साइड चांगला उत्प्रेरक आहे’ एवढें म्हणणें पुरें नाहीं. कोणत्या क्रियेसाठीं, किती उष्णतेवर व कोणत्या रीतीनें तयार केलेलें, हेंहि सांगितलें पाहिजे. विद्यार्थ्यांनीं आपल्या प्रयोगाच्या वहींत उष्णतामान व कृति लिहिण्याचा कंटाळा करूं नये, असें शिक्षक कां सांगतात, तें यावरून उमजेल.

वाहकता पुरेशी कां नाहीं?

विद्युद्वाहकता मोठी तर उत्प्रेरकशक्तिहि मोठी, असा सरळ नियम करतां येत नाहीं. याचीं मुख्य कारणें तीन आहेत.

पहिलें असें कीं, वीज पदार्थाच्या पोटांतून वाहते, पण क्रिया त्याच्या पृष्ठभागावर होते. घराच्या आंतील सुबत्ता ओटीवरून नेहमींच कळते असें नाहीं. दुसरें असें कीं, पृष्ठभागाचें क्षेत्र किती, यावर पुष्कळ अवलंबून असतें. चांगल्या रीतीनें तयार केलेल्या सच्छिद्र ऑक्साइडाच्या एका ग्रॅमला शंभर चौरस मीटरांहूनहि अधिक पृष्ठभाग असूं शकतो. तेंच ऑक्साइड अति भाजून दगडासारखें घट्ट केलें, तर वाहकता कदाचित् वाढेल, पण उत्प्रेरकशक्ति मात्र बहुतेक नाहींशी होईल.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें. ऑक्साइडानें प्राणवायूला किती घट्ट धरलें आहे, हा खरा प्रश्न आहे. फारच घट्ट धरलें तर तें कोणास देणार नाहीं. फारच सैल धरलें तर हवेंतून पुन्हां घेणार नाहीं. फ्रान्समधील साबाटिये, ज्यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला, त्यांच्या नांवानें हा मध्यममार्गाचा नियम ओळखला जातो. पुढें १९५४ सालीं मार्स व व्हान क्रेव्हेलेन यांनीं दाखविलें कीं, कांहीं क्रियांत ऑक्साइड आपल्या अंगचाच प्राणवायु देऊन टाकतें, व रिकामी झालेली जागा मागाहून हवेंतील प्राणवायूनें भरून काढतें. अशा वेळीं विद्युत्कण व प्राणवायु दोघांचाहि मार्ग मोकळा असावा लागतो.

तेव्हां वाहकता ही वैद्यानें नाडी पाहावी तशी आहे. नाडीवरून पुष्कळ कळतें, पण नाडी म्हणजे सर्व प्रकृति नव्हे.

शेगडी, युरिया व पैनगंगेची वाळू

या ज्ञानाचा आमच्यासारख्यांच्या संसाराशीं काय संबंध, असें पालकवर्ग विचारील. तो विचारणें रास्त आहे.

हिवाळ्यांत बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून निजल्यानें माणसें दगावतात. जळणाऱ्या कोळशास हवा कमी पडली म्हणजे जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांतील तांबड्या द्रव्यास चिकटतो व प्राणवायूची वाट अडवितो. यास्तव निजण्याच्या खोलींत शेगडी कधींहि ठेवूं नये. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत मँगेनीज डायऑक्साइड व तांब्याचें ऑक्साइड यांचें ‘हॉपकलाइट’ नांवाचें मिश्रण तयार करण्यांत आलें. जॉन्स हॉपकिन्स व कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या नांवांवरून तें नांव पडलें. या मिश्रणांतून हवा ओढली असतां साध्या उष्णतामानावरच कार्बन मोनॉक्साइडाचा कार्बन डायऑक्साइड होतो. त्यामुळें खाणींतील कामगारांच्या मुखवट्यांत त्याचा उपयोग झाला. मात्र दमट हवेनें तें निकामी होतें, कारण पाण्याचे रेणु पृष्ठभागावरील जागा अडवून बसतात. म्हणून मुखवट्यांत त्याच्या आधीं ओलावा शोषणारा पदार्थ घालावा लागतो.

दुसरें उदाहरण आमच्या पायाखालींच आहे. पैनगंगेच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या कोरड्या वाळूंत लोहचुंबक फिरविला, तर त्यास काळे बारीक कण चिकटतात. आमच्या काळ्या फत्तरांतून झिजून आलेले हे मुख्यतः मॅग्नेटाइट जातीच्या लोहऑक्साइडाचे कण होत. त्यांत बहुधा थोडें टायटॅनियमहि मिसळलेलें असतें. शुद्ध मॅग्नेटाइटांत लोखंडाचे अणु दोन स्थितींत असतात: कांहींनीं दोन विद्युत्कण दिलेले, कांहींनीं तीन. त्यामुळें विद्युत्कण एका अणूवरून शेजारच्या अणूवर सहज उडी मारतो, व मॅग्नेटाइटाची वाहकता तांबड्या लोहऑक्साइडापेक्षां लाखों पटींनीं अधिक असते.

हेंच मॅग्नेटाइट, थोड्या क्रोमियम ऑक्साइडासह, खतांच्या कारखान्यांत उत्प्रेरक म्हणून वापरतात. साधारण ३५० ते ४५० अंश सेल्सिअस उष्णतेवर तें कार्बन मोनॉक्साइड व वाफ यांच्यापासून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन करतें. त्या हायड्रोजनचा पुढें नत्रवायूशीं संयोग होऊन अमोनिया, व अमोनियापासून युरिया होतो. लोखंडाच्या दोन स्थितींमधील विद्युत्कणांची जी चपळ उडी वीज वाहून नेते, तीच या क्रियेंतहि उपयोगी पडते असें शास्त्रज्ञ मानतात. क्रोमियमचें काम निराळें आहे. तें कणांना एकमेकांत वितळून जाडे होऊं देत नाहीं, म्हणजे पृष्ठभाग राखतें. आपल्या महाराष्ट्रांत मुंबईजवळ ट्रॉम्बे व अलिबागजवळ थळ येथें युरिया होतो. चिखलीच्या बाजारांत गोणी उचलणाऱ्या शेतकऱ्याच्या खतामागें असा एका काळ्या ऑक्साइडाचा हात असतो.

पृष्ठभागाच्या या शास्त्राची परंपरा महाराष्ट्रांतहि आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें ३ जानेवारी १९५० रोजीं झालें. तिचे पहिले संचालक मॅकबेन हे पृष्ठभागावर वायु कसे चिकटतात याचे जाणते होते. त्यांच्या मागून १९५२ ते १९५७ पर्यंत फिंच हे संचालक होते. विद्युत्कणांच्या झोतानें पदार्थांचे पृष्ठभाग तपासण्यांत त्यांची ख्याति होती. आणि १९२२ च्या एव्हरेस्ट-मोहिमेंत प्राणवायूचीं नळकांडीं पाठीवर घेऊन चढणारे गिर्यारोहक तेच.

करून पाहण्यासारखा प्रयोग

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीं, डोळ्यांवर चष्मा लावून करावा. औषधांच्या दुकानांत मिळणारें शेंकडा तीन प्रमाणाचें हायड्रोजन पेरॉक्साइड तीन परीक्षानळ्यांत सारखें घ्यावें. पहिलींत धुतलेल्या स्वच्छ वाळूची चिमूट, दुसरींत पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा, आणि तिसरींत प्रयोगशाळेच्या बाटलींतील मँगेनीज डायऑक्साइडाची चिमूट टाकावी. वाळूनें कांहीं होत नाहीं. शिशानेंहि तिसऱ्या नळीसारखा फेस येत नाहीं. तिसरी नळी मात्र फसफसते, व विझत आलेली काडी तिच्या तोंडाशीं धरली तर पुन्हां पेटते.

आतां एक सेल, एक लहान दिवा व तारा घेऊन पाहावें. पेन्सिलीच्या शिशांतून वीज वाहून दिवा लागतो. वाळूंतून मुळींच वाहत नाहीं. मँगेनीजच्या पुडीनेंहि दिवा लागणार नाहीं, कारण ती शिशापेक्षां पुष्कळ कमी वाहक आहे. म्हणूनच सेलमध्यें तिच्यांत कोळशाची भुकटी मिसळतात. सर्वांत अधिक वाहक तें शिसें. पण सर्वांत उत्तम उत्प्रेरक ती मधली काळी पूड. वर सांगितलेला सर्व विषय या तीन नळ्यांत सांठला आहे. शेवटीं ती पूड गाळून, धुवून, वाळवून तोलावी. सांडली नसेल तर वजन पूर्वीं होतें तेवढेंच भरेल. जुने सेल फोडून पूड काढण्याच्या भानगडींत मात्र कोणीं पडूं नये. आजच्या कित्येक सेलांत दाहक क्षार असतात, व कांहीं सेल पेटतातहि.

उपसंहार

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. मँगेनीजच्या पुडीचा विजेचा गुण व उत्प्रेरणाचा गुण यांचें मूळ एकच आहे. विद्युत्कण घेण्या-देण्याची तिची तयारी. त्या तयारीची कांहीं खूण विद्युद्वाहकतेवरून मिळते, पण पुरी ओळख प्रत्यक्ष क्रिया घडवून पाहिल्यावांचून होत नाहीं. जो नुसता वाहकतेवर विसंबेल तो पेन्सिलीचें शिसें निवडील व फसेल. जो वाहकतेकडे पाहणारच नाहीं तो गॅसच्या घंटेचें मर्म कधीं जाणणार नाहीं.

भंडारा-नागपूरकडील मँगेनीजचा फार मोठा भाग पोलादाच्या कामीं भट्टींत जातो, व टनावारी विकला जातो. तेंच खनिज शुद्ध करून, त्याचे गुण ओळखून, सेलांत किंवा हवा शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकांत घातलें म्हणजे त्याचें मोल कितीतरी वाढतें. ईश्वरानें खनिज आमच्या भूमींत ठेवलें. त्याचे गुण हुडकून काढण्याचें काम मात्र त्यानें आमच्या बुद्धीवर सोंपविलें आहे. तें काम करणारे हात चिखलीच्या शाळेंतूनहि निघावेत, एवढ्यासाठीं हा लेखप्रपंच.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. सेल वापरून संपतो, पण उत्प्रेरक संपत नाहीं. याचें कारण विद्युत्कणांच्या हिशेबानें सांगा.

२. तुटीच्या ऑक्साइडावर प्राणवायु येऊन बसला असतां त्याची वाहकता वाढेल कीं घटेल? पंगतीच्या उदाहरणानें उत्तर द्या.

३. परावानो आणि श्वाब व ब्लॉक यांचीं उत्तरें विरुद्ध असूनहि दोघेहि खरे कसे असूं शकतात?

४. ओढ्याच्या वाळूंतून लोहचुंबकानें काळे कण गोळा करा. ते पेरॉक्साइडांत टाकून काय होतें तें शिक्षकांसमक्ष पाहा, व उष्णतामानासह वहींत नोंदवा.